आधी पान उलटं कर

भिंग राहू दे खिशात, मिनेगिशी.
पहाटेचे साडेतीन झालेत, भिंगालाही अजून झोप आहे.
सुनेनं दुधी सोलायचं यंत्र तुझ्यासाठी थांबवलंय,
अर्धाच तास.
वाक कमरेतून. या वेलाला उभ्यानं भेटता येत नाही.
बॅटरी तिरकी धर
आणि पान उलटं कर.

वरून काय दिसलं होतं? पिवळे ठिपके?
ठिपका गोल असतो गं.
हे चौकोनी आहेत, शिरांच्या बांधापाशी अडलेले,
शेजाऱ्याचं शेत अडतं तसे.
आणि खाली, दव आहे तोवरच,
जांभळट राखाडी लव,
मांजराच्या कानामागे असते तशी.
हा केवडा. वास घेऊ नकोस, नावापुरताच आहे.
तुम्ही ऑफिसची माणसं नऊला येता,
तोवर लव सुकलेली,
मग कागदावर लिहिता: खत कमी पडलं.

तुझ्या पुस्तकात म्हणे ही बुरशीच नव्हे,
पाण्यातल्या शेवाळाची लांबची भावकी.
असेल.
माझ्या वेलाला ते अजून कुणी कळवलेलं नाही.

भुरीला एवढं वाकावं लागत नाही.
पिठाचा हात कुणी पानावर टेकवून गेल्यासारखी दिसते,
बोटानं पुसली जाते, परवा पुन्हा तिथेच.
तिला पाऊस लागत नाही, रुसवाफुगवा नाही.
खरं सांगायचं तर मला ती थोडी आवडते.

करपा मात्र फळावर बसतो. खळगा पडतो,
खळग्यात ओलं गुलाबी, सामन माशाच्या पोटासारखं.
यंत्रावर फळ फिरत असतं, पांढरी फीत सुटत असते
हातभर, वावभर, खोलीभर,
आणि त्या खळग्याशी तुटते.
तुटक्या फितीला मिबूच्या बाजारात कोण विचारतो?

बुडाशी मधाचे थेंब दिसले तर तो डिंक्या.
माझ्या भाच्यानं एकदा चाखला.
गोड नव्हता म्हणाला.

राहिला मर रोग.
तो पानावर शोधू नकोस. घड्याळ बघ.
दुपारी वेल मान टाकतो, संध्याकाळी उचलतो.
आपण म्हणतो, ऊन फार होतं.
दुसऱ्या दिवशीही म्हणतो.
तिसऱ्या संध्याकाळी तो उचलत नाही.
मग भाजीच्या सुरीनं बुडापाशी आडवा काप घ्यायचा,
आत तपकिरी कडं दिसतं,
चहाच्या कपाच्या तळाशी राहतं तसं.
त्या वर्षी कीहेईनं चाळीस वेल उपटले, जाळले,
आणि जेवायला बसला तो घास हातात घेऊन
भिंतीला टेकला.
संध्याकाळी बरा होता. टोमॅटोला पाणी घातलं.
मी म्हटलं, ऊन फार होतं.

उत्सुनोमियाच्या इस्पितळात डॉक्टरनं फिल्म
दिव्यासमोर धरली, तेव्हा
तो काही बोलायच्या आधी
मी त्यात कडं शोधत होते.

असो. बॅटरी विझव, उजाडतंय.
त्या टोकाला काय लिहितेस? भुरी?
इथून तसंच दिसतं, सगळा वेल पांढरा.
चार पावलं पुढे जा.
फुलं आहेत ती.
दिवेलागणीला उघडतात, ऊन चढलं की मिटतात,
म्हणून ऑफिसात कुणी पाहिलेली नाहीत.

थांब, हात लावू नकोस.
आत्ता त्या हातांनी केवडा धरला होतास.
नळ शेडमागे आहे, साबण खिडकीत.